जळगावात खानावळीतली भाकरी दहा वर्षांत दहाची वीस रुपयांना झाली. ज्वारी एवढी महागली का?

ज्वारी दुपटीहून जास्त महागली, पण भाकरीवर वाढलेल्या दहा रुपयांत तिचा वाटा जेमतेम दोन रुपयांचा आहे. संकरित ज्वारीचा हमीभाव 2014-15 मध्ये क्विंटलला 1530 रुपये होता, 2024-25 मध्ये 3371. एका भाकरीला साधारण 100 ग्रॅम पीठ धरा: तेव्हा दीड रुपयाची ज्वारी लागायची, 2024-25 च्या भावाने सुमारे 3 रुपये 40 पैशांची. बाकीची वाढ दळण, व्यावसायिक सिलिंडर (त्याला सबसिडी नाही), जागेचं भाडं आणि भाकरी थापणाऱ्या बाईंची मजुरी यांची. मजुरी वाढली हे मला तरी योग्यच वाटतं. तव्यापुढे तासन्‌तास बसणं सोपं नाही. शिवाय भाकरीचा दर पैशापैशाने वाढत नाही. आधी ती जरा लहान आणि पातळ होते, मग दर एकदम पाच रुपयांनी चढतो. ज्वारी उतरली तरी तो खाली येत नाही, कारण बाकीचे खर्च तसेच राहतात.

हा हिशेब हमीभावाचा आहे. बाजार समितीत भाव त्याहून कमी-जास्त असतो, आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या मिश्र पिठाच्या) भाकरीत उडदाचा खर्च वेगळा.