रविवारी बालगृहात जायचं आहे. मुलांना काय शिकवू?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यात राहते, पतसंस्थेत नोकरी करते. नवरा वायरमन आहे, मुलगी सातवीत. आमच्या गावाजवळ एक बालगृह आहे. रविवारी तिथे जाऊन मुलांचं गणित घ्यावं असं फार मनात आहे. पण मी काही शिक्षिका नाही. सासूबाई म्हणतात, ‘पोरांना लळा लावशील आणि मध्येच सोडून देशील, त्यापेक्षा जाऊच नको.’ घरच्यांना वाटतं, मुलीचा वाढदिवस तिथे करावा. त्या मुलांशी काय बोलावं, सोबत काय न्यावं? दिवाळीत एखाद्या मुलाला चार दिवस घरी आणता येईल का? नवऱ्यालाही यायचं आहे, पण तो म्हणतो, ‘मी तिथे येऊन काय करू?’
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, सासूबाईंचं म्हणणं आधी घेते, कारण त्यात तथ्य आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी घाटंजीकडच्या एका बालगृहात जाते. तिथल्या मुलांना येणाऱ्या माणसांची चांगली पारख असते. कोण एकदा येऊन जाणार आणि कोण पुन्हा येणार, हे त्यांना लगेच कळतं. एकदाच येणाऱ्याला ती छान गाणं म्हणून दाखवतात, टाळ्या घेतात आणि विसरून जातात. त्रास होतो तो ‘येते’ म्हणून न येणाऱ्याचा. तेव्हा महिन्यातले दोनच रविवार जमणार असतील तर दोनच सांगा. येणं होणार नसेल तर आधी सांगा, आणि कारणही सांगा. आमच्याकडे एक लहानगा मी निघाले की फाटकापर्यंत येतो आणि विचारतो, “मॅडम, पुढच्या ऐतवारी येसान ना?” भाचीच्या लग्नाला अकोल्याला जायचं होतं तेव्हा मी त्याला सरळ तसं सांगितलं. त्याने आत जाऊन सगळ्यांना बातमी दिली, “मॅडम या ऐतवारी नाही येत, लगन हाये त्यायच्या घरी.” कुणाचं तोंड उतरलं नाही. ठरलेल्या गोष्टीवर मुलांचा भरवसा बसला की लळ्याची भीती निम्मी कमी होते.

आता गणित. तुम्ही शिक्षिका नाही याची काळजी करू नका. पतसंस्थेत रोज व्याज, हप्ता, थकबाकी बघता; ही मुलं त्याच हिशेबाच्या जगातून आलेली आहेत. आमच्या इथली सहावीतली एक मुलगी पुस्तकातल्या आगगाडीच्या वेगाच्या गणिताला हात लावत नव्हती. मी विचारलं, किलोला ८ रुपये वेचणी, ३७ किलो कापूस वेचला, १०० रुपये उचल आधीच घेतलेली, तर हाती किती? मी खडू खाली ठेवायच्या आत उत्तर आलं, “१९६.” ती आईबरोबर वेचणीला जायची. मग तिनेच विचारलं, “मॅडम, पण काटा मारला असन त?”

तो सगळा तास त्या प्रश्नावर गेला. ताणकाटा दर १० किलोमागे अर्धा किलो कमी दाखवतो असं धरलं, तर ४० किलोवर २ किलो गेले, म्हणजे १६ रुपये बुडाले. पुढची गणितं तिनेच फळ्यावर घातली: गाठोड्याचं वजन वजा करा, ओला कापूस असेल तर मालक किती कापतो ते काढा. आठवीतली दोन मुलं उठून पुढे येऊन बसली. शेकडेवारी मी जन्मभर शिकवली, पण ती कुणाच्या घामाशी जोडलेली असते हे मला तिने दाखवलं. तेव्हापासून मी वर्गात जाते ती आधी विचारायला: तुम्हाला कशाचा हिशेब येतो? कुणाला शेळीच्या करड्यांचा येतो, कुणाला किराण्याच्या उधारीचा. तुम्हीही तिथून सुरुवात करा. आगगाडी नंतर आपोआप येते.

काय बोलावं, यापेक्षा काय विचारू नये ते सांगते. ‘तुझे आईबाबा कुठे आहेत?’ हा प्रश्न येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. बालगृहातली सगळी मुलं अनाथ नसतात. पुष्कळांची आई किंवा वडील हयात असतात, पण सांभाळायची ऐपत नसते, किंवा घरात राहणं धोक्याचं असतं. मुलांना सांगायचं असतं तेव्हा ती सांगतात, आणि बहुधा हाताला काम असताना सांगतात.

आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्यासाठी लाकडी बैल सजवणं चाललं होतं. एकाने बैलाच्या गळ्यातच दोरी बांधली होती. एरवी फारसं न बोलणारा एक मुलगा उठला, त्याने तो बैल हातात घेतला आणि म्हणाला, “अशी नसते वेसण.” कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने त्याने नाकपुडीशी आरपार भोक पाडलं, फुंकर मारून भुसा काढला, गोधडीचा जाड दोरा थुंकी लावून पिळला आणि ओवला. गाठ कानामागे घेतली. ‘कासरा वेसणीले बांधतेत,’ म्हणाला, ‘नाहीतर बैल ऐकत नाही.’ दुसरं टोक मी धरून होते. दोरा ओवता ओवता तो सांगत गेला: घरी ढवळ्या होता, तो कसा एका हाकेत वळायचा, वडील त्याला आधी पाणी पाजायचे आणि मग स्वतः प्यायचे. आणि मग, “बाबा गेले, मंग इकला त्याले.” मी काही विचारलं नाही. त्याने बैलाच्या शिंगांना बेगड लावली आणि पुढचा बैल घेतला. त्या दिवशी सगळ्या बैलांच्या वेसणी त्याने करून दिल्या, आणि लहान मुलं त्याच्याभोवती रांग लावून बसली होती. त्या मुलाला मी शिकवायला गेले होते असं आता म्हणवत नाही.

एखाद्या मुलाने काही गंभीर सांगितलं, कुणी मारतं, अंगाला हात लावतं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक आहे, आणि जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. तिथे कळवायचं.

वाढदिवस तिथे करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पुष्कळ मुलांना स्वतःची जन्मतारीखही ठाऊक नसते, आणि दुसऱ्याच्या मुलीचा केक बघत ओळीत बसायचं, हे दर महिन्याला त्यांच्या वाट्याला येतं. मुलगी सातवीतली आहे, तिला कॅरम खेळायला आणा. हरू द्या तिला. आणि फोटो मोबाइलवर टाकायचे नाहीत. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाचं नाव, फोटो, शाळा उघड करायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं.

सोबत काय न्यावं, ते अधीक्षकांना विचारा. जुने कपडे आणि १५ ऑगस्टची बिस्किटं ढिगाने येतात. मापाच्या चड्ड्या-बनियन, खोबरेल तेल, मोठ्या मुलींसाठी पॅड, दोनशे पानी वह्या फारसं कुणी आणत नाही. जाण्याआधी रीतसर अर्ज करा, कोणता वार आणि कोणती वेळ ते त्यात लिहा. पोलीस पडताळणी मागितली तर वाईट वाटून घेऊ नका, ती मुलांसाठीच असते. संस्थेची नोंदणी आहे ना, तेही बघून घ्या.

दिवाळीला घरी नेणं तुमच्या किंवा अधीक्षकांच्या मर्जीवर नाही. त्याला बालकल्याण समितीची परवानगी लागते. खरं सांगू का, चार दिवसांच्या पाहुणचारापेक्षा दुसरं एक काम तुमच्यासारखी पतसंस्थेतली बाई फार चांगलं करू शकेल. ज्या मुलाची आई हयात आहे आणि केवळ पैशापायी त्याला दूर ठेवते, तिच्यासाठी सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, बँक खातं, आधार जोडणी, यात बायका अडकतात. अधीक्षकांना विचारून अशा एका आईचे कागद तुम्ही पुरे करून दिलेत, तर ते लेकरू कायमचं घरी जाऊ शकतं.

राहिले तुमचे मिस्टर. त्यांना जरूर न्या. मुलगा १८ वर्षांचा झाला की त्याला बालगृह सोडावं लागतं. कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे, पण हातात हुन्नर असेल तरच पुढचं निभतं. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अपंग मुलांना स्वतःचं नाव दिलं, माळावर त्यांच्या हातून झाडं वाढवली, आणि १८ नंतर या मुलांना बाहेर काढू नका म्हणून वर्षानुवर्षं भांडले; २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याच्याने तेवढं होणार नाही. पण बालगृहात बंद पडलेला पंखा, सैल झालेला सॉकेट, जळालेली ट्यूब नेहमीच असते. अधीक्षकांची परवानगी घेऊन, मेन स्विच बंद करून, नववी-दहावीच्या दोन मुलांना त्यांनी सोबत घ्यावं. पकड मुलांच्या हातात द्यावी आणि स्वतः टेस्टर धरावा. मुलं पंखा खोलतील तेव्हा त्यांना आधी काय काय माहीत आहे ते विचारावं. शेतावरच्या मोटारपंपाबद्दल ती बरंच काही सांगतील.