'देवाच्या वहीत रडगाणं कसं लिहायचं?'

साताऱ्यात माझ्याकडे मनातलं बोलायला येणाऱ्या बऱ्याच जणी, आणि हल्ली काही पुरुषही, हेच विचारतात: "साधनेची रोजनिशी लिहायला घेते, पण चार दिवसांत बंद पडते. माझी श्रद्धाच कमी पडते का?" अशा वेळी मला एक काकू आठवतात. ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांच्याविषयी सांगते.

काकू शाळेतून निवृत्त झालेल्या. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं त्यांनी सहा वर्षं सगळं केलं. त्या जाऊन वर्ष झालं होतं आणि काकूंचं जपात मन लागेना. घरात गोंदवलेकर महाराजांची उपासना, त्यामुळे 'श्रीराम जय राम जय जय राम' लिहून भरलेल्या वह्यांचा गठ्ठाच होता. शिवाय मुलीनं आणलेली एक देखणी डायरी. तिच्यात अकरा दिवसांच्या नोंदी, जवळपास सारख्याच: 'आज मन प्रसन्न. महाराजांची कृपा.'

"खरंच प्रसन्न होतं?"

"नाही हो मॅडम. पण देवाच्या वहीत रडगाणं कसं लिहायचं?"

बहुतेकांची वही बंद पडते ती इथे. पाहुणे येणार म्हटलं की आपण पसारा आतल्या खोलीत ढकलतो, तसंच हे. रोज आवरून-सावरून लिहायचा कंटाळा येतो, आणि तो यायलाच हवा.

पहिल्या भेटी इकडचं तिकडचं बोलण्यात गेल्या. चौथ्या वेळी मी म्हटलं, डायरी राहू द्या, जपाच्या वह्या आणा. मी पानं उलटत होते. शाळेच्या फळ्यावर असावं तसं एका मापाचं अक्षर. एका पानावर मात्र 'राम'मधला काना इतका दाबून काढलेला, की कागद फाटून शाई मागच्या पानावर उतरली होती.

"काकू, इथे काय झालं?"

त्यांनी वरची तारीख पाहिली. बराच वेळ गप्प होत्या.

"सासूबाईंच्या तेराव्यानंतरचा दिवस. सकाळी उठले आणि वाटलं, आज कुणाचं काही करायचं नाही. मला बरं वाटलं. बरं वाटलं, मॅडम!"

समजूत घालायची घाई करायची नाही, हे मी या कामात फार उशिरा शिकले. मी फक्त पेन पुढे सरकवलं. फाटलेल्या ओळीखाली त्यांनी लिहिलं, 'त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं.' मग पोटभर रडल्या.

देवापासून जे लपवतो तेच जपात आडवं येतं, असं माझं ठाम मत झालंय. तुकोबा, जनाबाई विठ्ठलाशी किती भांडले! आपल्या सज्जनगडावरच्या समर्थांनीही मनाशी बोलायला 205 श्लोक घेतले.

म्हणून मी सांगते: जप किंवा पूजा झाली की त्याच जागी बसून एकच खरी ओळ लिहा. 'आज काही सुचत नाही' हीसुद्धा खरी ओळ आहे. खाडा पडला तर मागचं भरून काढू नका. कुणी वाचेल अशी भीती असेल तर आधी कुलपाची सोय करा, नाहीतर पुन्हा 'प्रसन्न'च लिहाल. आणि लिहून जड वाटलं तर घाबरू नका. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या 1986 मधल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनात रुतलेल्या प्रसंगांवर लिहिलं. लिहिल्यावर लगेच ते उदास झाले, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मात्र जडपणा उतरतच नसेल, झोप-जेवण सुटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांना भेटा.

काकूंची वही मी पुन्हा मागितली नाही. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "एखाद्या दिवशी महाराजांऐवजी सासूबाईंना लिहिलं तर चालेल?"

"चालेल की."

"मग नवी वही लागेल," त्या म्हणाल्या, आणि जाताना राजवाड्याजवळच्या दुकानातून घेऊनही गेल्या.