यादीत नाव आहे, अंगठा कोणाचा लावायचा?

प्रश्न : सप्टेंबर 2025 च्या पुरात सीना नदीचे पाणी आमच्या सोयाबीनमध्ये चार दिवस उभे होते. 1 हेक्टर 40 आर कोरडवाहू जमीन माझ्या पतींच्या नावावर आहे. ते मागच्या वर्षी वारले. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेल्या पीक नुकसानीच्या मदतीच्या यादीत त्यांचे नाव आणि विशिष्ट क्रमांक (यादीतील प्रत्येक लाभार्थ्याला दिलेला क्रमांक) आहे, परंतु सेवा केंद्रावर गेल्यावर ई-केवायसीसाठी (आधारवरून ओळख पटवण्यासाठी) खातेदाराचाच अंगठा लागतो असे सांगून मला परत पाठवले. शेजाऱ्यांचे पैसे जमा झाले. मी आता काय करावे?
– एक वाचक भगिनी, ता. परंडा, जि. धाराशिव

उत्तर : ताई, आपला हक्क बुडालेला नाही. पंचनामा पिकाच्या नुकसानीचा झाला आहे आणि ते नुकसान जमीन कसणाऱ्या कुटुंबाचे आहे. अडचण एवढीच आहे, की पंचनाम्याची यादी सातबाऱ्यावरून तयार होते आणि आपल्या सातबाऱ्यावर अजून वारसनोंद झालेली नाही.

म्हणून पहिला अर्ज तलाठ्यांकडे (आता त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे आहे) वारसनोंदीचा करावा. त्याला मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे, वये व नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडावे. मुले अज्ञान (अठरा वर्षांखालील) असली तरी त्यांची नावे वगळू नयेत, कारण पुढे त्यावरूनच फेरफार (सातबाऱ्यावरील नाव बदलाची नोंद) अडतो. नोटिशीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. मयत खातेदारांच्या वारसनोंदी लावण्यासाठी शासनाने 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली, तिचा उल्लेख अर्जात अवश्य करावा.

फेरफाराची वाट पाहत थांबू मात्र नये. त्याच दिवशी तहसीलदारांना दुसरा अर्ज द्यावा. त्यात विशिष्ट क्रमांक लिहून, खातेदार मयत असल्याने यादीत वारसाचे नाव घ्यावे अशी विनंती करावी आणि रक्कम आपल्या खात्यात जमा करण्यास इतर सज्ञान वारसांची हरकत नसल्याचे संमतीपत्र जोडावे. दोन्ही अर्जांच्या पोच प्रती आवक क्रमांकासह जपून ठेवाव्यात. तोंडी विचारपूस कितीही वेळा केली तरी कागदावर तिची नोंद राहत नाही.

रकमेचा अंदाजही मनात असू द्यावा. 33 टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालेल्या कोरडवाहू पिकाला या पुराच्या मदतीत हेक्टरी 8,500 रुपये दर होता, म्हणजे आपले 11,900 रुपये होतात. ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर झालेली रब्बीच्या बियाण्यांसाठीची हेक्टरी 10,000 रुपयांची मदत याहून वेगळी आहे. एका हेक्टरच्या सोयाबीनवर बियाणे, खत, फवारणी आणि मजुरीला किती जाते हे आपण जाणताच. ही मदत त्या खर्चाचीही भरपाई करीत नाही आणि म्हणूनच ती वेळेवर मिळायला हवी, असे आम्हाला मनापासून वाटते.

वारसनोंद होताच स्वतःच्या नावाने शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्यावा. पुढच्या वेळी यादी त्यावरून जुळवली जाईल.

प्रश्न : ई-केवायसी झाली, पुराच्या मदतीचे पैसे जमा झाल्याचे तहसील कार्यालय सांगते, पण माझ्या पासबुकात नोंद नाही.
– एक शेतकरी, ता. करमाळा, जि. सोलापूर

उत्तर : ही रक्कम दिलेल्या खाते क्रमांकावर नव्हे, तर आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यावर जाते. आठवून पाहा, एखाद्या योजनेसाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी मध्यंतरी दुसऱ्या बँकेत खाते उघडले होते काय? बहुधा पैसे तेथेच पडून असतात. आधार कोणत्या बँकेशी संलग्न आहे, हे कोणत्याही सेवा केंद्रावर पाहता येते. पैसे खात्यात दिसत असूनही थकीत पीककर्जापोटी बँकेने ते रोखले असतील, तर शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची प्रत तहसीलदारांना व जिल्हा अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातील बँकांचा समन्वय पाहणाऱ्या बँकेच्या) व्यवस्थापकांना द्यावी. मदतीच्या रकमेतून कोणतीही वसुली करू नये, अशी सूचना मदतीच्या शासन निर्णयांतच दिलेली असते. त्या निर्णयाची छापील प्रत अर्जाला जोडावी.