थकव्याचं कारण शोधताना

ताई, थकवा जातच नाही म्हणताय, पण डॉक्टरांना नुसतं ‘अशक्तपणा आहे’ सांगितलंत तर टॉनिक मिळेल आणि विषय संपेल. त्यापेक्षा आठवडाभर वहीत लिहा: झोप किती, उठल्यावर कसं वाटतं, कोणत्या कामानंतर आडवं व्हावं लागतं, पाळीत रक्तस्राव किती. वजन उतरत असेल, संध्याकाळी बारीक ताप किंवा रात्री घाम येत असेल, तर वहीबिही राहू दे, लगेच दाखवा.

‘फुल बॉडी’ पॅकेजच्या जाहिरातींना भुलू नका. डॉक्टरांना विचारून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी१२ जीवनसत्त्व, साखर, किडनी-लिव्हर एवढ्यावर सुरुवात होते. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. हे फार वेळा निसटतं. शाकाहारी असाल तर बी१२ हवंच. पण शेजारणीच्या सांगण्यावरून आधीच इंजेक्शनं टोचून घेऊ नका, रिपोर्ट फसवा येतो. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

सगळं नॉर्मल आलं की घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणतील. म्हणू देत. घोरणं, नैराश्य यांचीही तपासणी होते. आणि थोड्या श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंथरूण सुटत नसेल, असे सहा महिने गेले असतील, तर क्रॉनिक फटीग सिंड्रोम या दीर्घकाळच्या थकव्याच्या आजाराबद्दल फिजिशियनना स्पष्ट विचारा. जुने रिपोर्ट तारखेनुसार एकाच फायलीत लावून न्या.