स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाला नागपुरात बर्डीवर टॅलीच्या (हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या) क्लासला घालू का? डोकं नवीन काही धरेल का?

हो, घाला, पण गोळ्या नियमित चालू असतील आणि आवाज ऐकू येणं, संशय हे बरंच निवळलं असेल तरच. या आजारात लक्ष आणि स्मरणशक्ती मंदावते, पण मेंदूची शिकण्याची क्षमता संपत नाही. 2011 मध्ये 40 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा लक्ष-स्मरणाच्या सरावाने मध्यम सुधारणा दिसली. कामकाजातला फायदा मात्र पुनर्वसनाची (प्रत्यक्ष कामाची, रोजच्या जगण्याची कौशल्यं शिकवण्याची) जोड असेल तिथेच जास्त. म्हणजे मोबाइलवरचे ‘ब्रेन गेम’ खेळत बसण्यापेक्षा टॅली परवडली! मी पुनर्वसनाच्याच कामात आहे, त्यावरून सांगते:

- एका वेळी एकच गोष्ट. आधी फक्त व्हाउचर एंट्री, म्हणजे एकेक व्यवहार नोंदवणं. पायऱ्या कागदावर लिहून की-बोर्डशेजारी चिकटवा. चुकू देऊन शिकवण्यापेक्षा चुकण्याआधीच हात धरून दाखवा, तसं लवकर बसतं.
- सकाळी गोळीची गुंगी असेल तर दुपारची बॅच घ्या.
- हातपाय थरथरतात म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल चालू आहे का बघा. त्याने स्मरणशक्ती आणखी मंदावते, आणि बरेचदा ती गोळी उगाच वर्षानुवर्षं चालू राहते. मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) मानसोपचार ओपीडीत किंवा तुमच्या डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका.

तीन महिन्यांचा कोर्स त्याला सहा महिने लागू शकतो, तेव्हा फी भरण्याआधी क्लासवाल्यांशी तेवढं बोलून घ्या.