न्यू जर्सीत घर भाड्याने घेण्याआधी आसपास नोंदणी झालेला लैंगिक गुन्हेगार राहतो का, हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात पुण्याहून इकडे येताय, मुलगी ७ वर्षांची आहे, एडिसनच्या बाजूला दोन अपार्टमेंट पाहून ठेवलीत आणि एक नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात. लीझवर सही करण्याआधी परिसर कसा तपासायचा, आणि अशा लोकांना शाळेजवळ राहायला बंदी असते ना, असं विचारलंय. मी या भागात ११ वर्षं आहे, माझ्या दोन्ही मुली इथेच वाढल्या. जे मला ठाऊक आहे ते सांगते.

आधी बंदीचं, कारण त्यावर विसंबून तुम्ही शाळेला लागून असलेलं घर निवडाल. न्यू जर्सीत तशी सरसकट बंदी नाही. चेरी हिल आणि गॅलोवे या गावांनी स्वतःचे नियम केले होते, की शाळा, बागा यांच्यापासून अमुक फुटांच्या आत असा माणूस राहू शकत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते नियम रद्द केले. मेगन्स लॉ, म्हणजे अशा गुन्हेगारांची नोंदणी करून लोकांना सावध करणारा कायदा, हा राज्याचा आहे, गावागावाने त्यावर आपला कायदा चढवायचा नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. फ्लोरिडात मात्र लहान मुलांविरुद्धच्या काही गुन्ह्यांसाठी १,००० फुटांचा नियम आहे. एका राज्याचं ऐकून दुसऱ्या राज्यात घर बघणारे आपल्यात पुष्कळ, म्हणून हे स्पष्ट सांगते. न्यू जर्सीत मुलांसाठी चालणाऱ्या संस्थांमध्ये काम करायला किंवा सेवा द्यायला मात्र मनाई आहे.

आता शोधायचं कसं. दोन जागा आहेत. एक केंद्र सरकारची वेबसाइट, एनएसओपीडब्ल्यू डॉट जीओव्ही (nsopw.gov). तिथे नावाने शोधता येतं, पत्ता किंवा झिपकोड टाकून आसपासचं बघता येतं. ही साइट स्वतःकडे काही साठवत नाही, प्रत्येक राज्याची यादी विचारून तुमच्यासमोर ठेवते. म्हणून राज्याने जे झाकलंय ते इथेही झाकलेलंच राहतं. दुसरी जागा म्हणजे न्यू जर्सी स्टेट पोलिसांची यादी. तीच थेट उघडा, माहिती जास्त नीट मिळते. दोन्ही फुकट आहेत. पैसे मागणाऱ्या किंवा ईमेल मागून रोज घाबरवणारी पत्रं पाठवणाऱ्या साइट्सच्या नादाला लागू नका.

यादी वाचायची कशी हे कुणी सांगत नाही, आणि तिथेच चूक होते. न्यू जर्सीत प्रत्येकाचा ‘टिअर’, म्हणजे पायरी, ठरतो, आणि तो पुन्हा गुन्हा करण्याच्या धोक्यावरून. काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) प्रॉसिक्युटर ऑफिस, म्हणजे सरकारी वकिलांचं कार्यालय, ठरावीक निकषांवर गुण देतं. टिअर १ म्हणजे धोका कमी. त्याची माहिती पोलिसांपुरतीच. टिअर २ असेल तर शाळा, डेकेअर, समर कॅम्प आणि अशा सूचनेसाठी नोंदणी केलेल्या संस्थांना कळवतात. टिअर ३ असेल तर ज्यांचा त्या माणसाशी संबंध येण्याची शक्यता आहे अशा आसपासच्या लोकांना पोलीस घरी जाऊन सांगतात. इंटरनेटवर दिसतात ते टिअर ३ चे, आणि टिअर २ मधले बरेचसे, पण सगळे नाहीत. गुन्हा घरातल्याच मुलावर झाला असेल, तर टिअर २ चा माणूस बहुतेक वेळा वेबसाइटवर येत नाही. त्याचं नाव टाकलं की त्या मुलाचीही ओळख उघडी पडते, आणि तसं होऊ नये म्हणून कायद्यातच ही सूट आहे. मला ती योग्यच वाटते. पण नकाशा बघताना हे डोक्यात हवं.

डेलावेअर नदी ओलांडलीत की ‘टिअर’ शब्द तोच, अर्थ वेगळा. पेनसिल्व्हेनियात टिअर गुन्ह्याच्या प्रकारावरून ठरतो: टिअर १ ला १५ वर्षं नोंदणी, टिअर २ ला २५, टिअर ३ ला जन्मभर. आणि तिथे टिअर १ वालेही वेबसाइटवर दिसतात. त्यामुळे तुमच्या तिसऱ्या अपार्टमेंटभोवती एडिसनपेक्षा जास्त ठिपके दिसले, तर ती वस्ती जास्त धोक्याची असं समजू नका. एका राज्याने जास्त दाखवलंय, दुसऱ्याने कमी. न्यूयॉर्कला हेच ‘लेव्हल’ होतात, आणि लेव्हल १ वेबसाइटवर नसतोच. तो विचारायचा तर १-८००-२६२-३२५७ वर फोन करून विशिष्ट माणसाची माहिती द्यावी लागते.

नोंदणीचे नियम थोडक्यात: न्यू जर्सीत बाहेरून राहायला आलेल्याने १० दिवसांत नोंद करायची, आणि राज्यात घर बदलायचं तर किमान १० दिवस आधी पोलिसांना कळवायचं. पत्त्याची खातरजमा वर्षातून एकदा. ज्यांचं वर्तन वारंवार होणारं आणि स्वतःला न आवरणारं आहे असा निष्कर्ष न्यायालयाने दिलाय त्यांची दर ९० दिवसांनी. न केल्यास तो स्वतंत्र गुन्हा. म्हणजे यादीतला पत्ता हा माणसाने सांगितलेला आणि पोलिसांनी अधूनमधून तपासलेला पत्ता. परवा बदललेला असेल तर आज दिसेलच असं नाही.

हा कायदा इथल्याच मातीतला आहे, म्हणून मला तो जवळचा वाटतो. हॅमिल्टन टाउनशिप एडिसनहून गाडीने फार लांब नाही. २९ जुलै १९९४ ला तिथे मेगन कांका नावाच्या ७ वर्षांच्या मुलीला समोरच्याच घरातल्या माणसाने कुत्र्याचं पिल्लू दाखवतो म्हणून आत नेलं आणि तिचा जीव घेतला. त्याला आधी दोनदा अशाच गुन्ह्यांत शिक्षा झाली होती, आणि गल्लीत कुणालाही माहीत नव्हतं. तिच्या आईवडलांचं एवढंच म्हणणं होतं की कळलं असतं तर आम्ही तिला जपलं असतं. ३१ ऑक्टोबर १९९४ ला राज्याचा कायदा झाला, १९९६ मध्ये देशाचा. तुमच्या मुलीच्याच वयाची होती ती, हे लिहिताना हात थांबतो.

टिअर ३ च्या माणसाबद्दल पोलीस घरी येऊन देतात तो सूचनेचा कागद आमच्या दारावरही एकदा आला. संध्याकाळी पोळ्या लाटत होते, बेल वाजली. साध्या कपड्यांतले दोन अधिकारी. हाताला पीठ, म्हणून मी कागद कोपऱ्याला धरला. फोटो, उंची, वजन, घराचा आणि नोकरीचा पत्ता, गाडीचा रंग आणि नंबर. त्यांनी दोनदा सांगितलं, हे घरातल्यांपुरतंच, फोटो काढून पाठवू नका. रात्री आम्ही मोठीला जवळ बसवून तो चेहरा दाखवला आणि सांगितलं, यांच्याकडे जायचं नाही, यांनी बोलावलं तर सरळ घरी येऊन मला सांगायचं. तिने मान हलवली आणि विचारलं, “पण दुसऱ्या काकांनी बोलावलं तर चालेल?” माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. त्या रात्री मला कळलं की आपण मुलीला एक चेहरा शिकवत होतो. हा कागद एकदा वाटून झाला असेल तर नंतर आलेल्या भाडेकरूच्या हाती पडेलच असं नाही, म्हणून राहायला आलात की एकदा स्वतः पोलिसांकडे चौकशी करा.

कागद पाठवू नका असं ते का सांगतात, हेही मी जवळून पाहिलंय. आमच्या आधीच्या कॉम्प्लेक्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी यादीतल्या एका नावाचा स्क्रीनशॉट टाकला, फोटो कापलेला. त्याच नावा-आडनावाचे एक गृहस्थ आमच्याच बिल्डिंगमध्ये राहत होते. चार दिवस कुणी त्यांच्या मुलाला खेळायला बोलावलं नाही, त्यांची बायको पूलवर यायची बंद झाली. पाचव्या दिवशी कुणीतरी मूळ पान उघडलं. यादीतला माणूस वयाने २० वर्षांनी मोठा, चेहरा पूर्ण वेगळा. ग्रुपवर “सॉरी” आलं, पण ते कुटुंब वर्षाच्या आत निघून गेलं. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही. फोटो, वय, पत्ता तिन्ही बघा. आणि खरंच तोच माणूस असला तरी या माहितीवरून त्याला धमकावणं, त्रास देणं हा गुन्हा आहे. यादीच्या पहिल्याच पानावर ते लिहिलेलं असतं आणि ‘मान्य’ दाबताना आपण वाचत नाही.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर या सगळ्याला अर्धा तास द्या, त्याहून जास्त नको. यादीत फक्त शिक्षा झालेले येतात. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या २००० सालच्या अहवालात, पोलिसांपर्यंत पोहोचलेल्या अल्पवयीन मुलांच्या प्रकरणांत, १०० पैकी ३४ आरोपी घरातले होते, ५९ ओळखीचे, आणि पूर्ण अनोळखी फक्त ७. न्यू जर्सीतच २००८ मध्ये झालेल्या अभ्यासात या कायद्यामुळे पुन्हा होणारे लैंगिक गुन्हे कमी झाल्याचं दिसलं नाही. म्हणून उरलेला वेळ तबल्याच्या क्लासवाल्यांना, कारपूलवाल्यांना, स्लीपओव्हरला बोलावणाऱ्या घराला प्रश्न विचारण्यात घालवा. क्लासमध्ये दार उघडं असतं का? मी बसून राहिले तर चालेल का? घरात आणखी कोण असतं? आपल्याकडे असं विचारायचा संकोच वाटतो, समोरच्याला काय वाटेल म्हणून. मी विचारते. आतापर्यंत एकाच सरांना राग आला, आणि तिथे मी मुलीला पाठवलं नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की भाऊ पुण्यात आहे, त्यालाही अशी यादी बघता येईल का. नाही. भारतात २० सप्टेंबर २०१८ पासून राष्ट्रीय नोंदवही आहे, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ती सांभाळतो, सुरुवातीलाच ४ लाखांहून जास्त नोंदी होत्या. पण ती फक्त पोलिसांसारख्या तपास यंत्रणांना दिसते. घरी कामाला, शिकवायला कुणी ठेवताना भावाला त्या माणसाचं पोलीस व्हेरिफिकेशन करून घेता येईल, आणि मुलाबाबत काही शंका आली तर १०९८ वर फोन करता येईल.

इथे आल्यावर फोनमध्ये १-८७७-६५२-२८७३ सेव्ह करून ठेवा. ही न्यू जर्सीची मुलांवरील अत्याचाराची २४ तासांची हेल्पलाइन. या राज्यात तसा रास्त संशय आलेल्या प्रत्येकाने कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, नाव न सांगताही कळवता येतं. एडिसनच्या दोन्ही अपार्टमेंटचे झिपकोड इथे टाकलेत तर शाळांबद्दलही सांगेन, पूर्ण पत्ता मात्र टाकू नका.