बर्फ कापसासारखा का दिसतो?

प्रश्न : उत्तराखंडातल्या हर की दूनच्या ट्रेकमध्ये मोबाइलवर काढलेल्या फोटोंवरून जलरंगात डोंगर रंगवतो आहे. शिखर बसकं वाटतं, बर्फ कापसासारखा दिसतो आणि आकाशाला डाग पडतात. कुठे चुकतं?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : शिखर बसकं दिसतं हा दोष तुमच्या हाताचा नाही. मोबाइलची लेन्स रुंद असते; तिच्यात जवळचे दगड मोठे आणि लांबचं शिखर खुजं होतं. रेखाटतानाच शिखर दीडपट उंच घ्या, पुढचे निम्मे दगड गाळा. पायथ्याचे देवदार नखाएवढेच ठेवा, म्हणजे वरचा कडा आपोआप उंच वाटेल.

बर्फासाठी पांढरा रंग नको, कागद कोरा सोडा. बर्फाला आकार येतो तो सावलीमुळे. तुम्ही ती सावली बहुधा ओल्या कागदावर रंगवता, मग सगळ्या कडा विरघळतात आणि कापूस होतो. कागद पूर्ण वाळू द्या. अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घालून पातळ रंग करा. धारेवरची कडा तीक्ष्ण ठेवा, उताराकडची मात्र लगेच ओलसर ब्रशने विरवा. सावली एका हातात संपवा. पुन्हा फिरवलेला ब्रश ती गढूळ करतो. खडकासाठी ब्रश फडक्यावर टिपून आडवा घासा. खरबरीत कागदाच्या उंचवट्यांवरच रंग बसतो आणि खळग्यांतला पांढरा कागद भेगांत अडकलेल्या बर्फासारखा दिसतो.

दूरचे डोंगर सरसकट फिके निळे करू नका. इंदूरजवळच्या पाताळपाणीच्या कड्यावरून निमाडाकडच्या रांगा धूसर होत जातात, पण साडेतीन हजार मीटरवरच्या विरळ, कोरड्या हवेत लांबची धारही ठसठशीत असते. पुढच्या वेळी तिथेच बसून पेन्सिलीने नुसत्या छायाप्रकाशाचं पाच मिनिटांचं टिपण करा. फोटोत सावल्या काळ्याठिक्कर येतात, डोळ्यांना त्यांतला निळा दिसतो.

डाग पडतात ते अर्धवट वाळलेल्या रंगावर जास्त ओला ब्रश टेकल्याने. इंदूरच्या मे महिन्यात रंग खालपर्यंत पोचेतो वरचा वाळतो आणि दुरुस्तीचा मोह होतो. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कॉटन कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अ‍ॅक्रिलिक शीटवर चिकटवा, पंखा-कूलर बंद ठेवा. ११ × १५ इंचांच्या आकाशाला दोन मोठे चमचे रंग आधीच कालवून ठेवा. मध्येच संपला तर तिथे रेघ उमटतेच. कपभर पाण्यात ग्लिसरीनचे तीन-चार थेंब घातले की रंग सावकाश वाळतो. त्याहून जास्त नको, चित्र चिकट राहतं.